सगळ्यात कमी किमतीची कुठली?

मार्चमध्ये लेकीला चष्मा लागला. फळ्यावरचे नीट दिसत नाही हे तिने मला सांगितले नव्हते. वहीत उतरवून घेताना होणाऱ्या चुकांवरून तिच्या वर्गशिक्षिकेने ओळखले आणि मला फोन केला. डोळे तपासून झाल्यावर आम्ही दोघी नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका चष्म्याच्या दुकानात गेलो. बाहेर उन्हाने रस्ता पांढरा पडला होता, आत गारवा होता आणि भिंतभर आरसे होते. दुकानदाराने निळ्या मखमलीचे ट्रे काउंटरवर मांडले आणि एकेक फ्रेम फडक्याने पुसून तो पुढे सरकवू लागला. तेरा वर्षांच्या मुलीने आधी आरशाकडे जावे, एखादी लाल, एखादी गोल फ्रेम डोळ्यांवर चढवून माझ्याकडे वळावे, अशी मी वाट पाहत होते. तिने एकाही फ्रेमला हात लावला नाही. "काका, यात सगळ्यात कमी किमतीची कुठली?" असे तिने विचारले, त्याने दाखवलेली काळी, जाड काड्यांची फ्रेम नाकावर ठेवली आणि मग एकदाच आरशात पाहिले. "ही चालेल," ती म्हणाली. दुकानदार कौतुकाने माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, फार समजूतदार आहे हो तुमची मुलगी."

मी हसले, पैसे दिले, चष्मा कधी मिळेल ते विचारले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमच्या घरावरचे शेवटचे कर्ज गेल्या दिवाळीच्या आधी फिटले. पतसंस्थेने दिलेला 'येणे बाकी नाही' असा दाखला मी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून कपाटात ठेवला आहे, आणि अजूनही कधीतरी दार उघडून तो जागेवर आहे ना हे पाहते. पगार ज्या दिवशी जमा होतो त्या दिवशी तो तसाच्या तसा खात्यात दिसतो, पाच तारखेला सकाळी पोटात गोळा येत नाही, अनोळखी नंबरवरून आलेला फोन मी न घाबरता उचलते. हे सगळे खरे आहे आणि त्याचा आनंदही खरा आहे. पण दुकानात उभी राहिलेली ती मुलगी आमच्या घरातली परिस्थिती बदलली आहे हे मानायला तयार नव्हती. तिला कोणी दटावले नव्हते, काटकसरीवर कोणी प्रवचन दिले नव्हते. ती फक्त मी माणसांपुढे मागत असताना शेजारी बसलेली असे, आणि तेवढ्यावरून मागणे ही गोष्ट काय असते हे तिने स्वतःपुरते ठरवून टाकले होते.

२०१७ साली माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा ती पाच वर्षांची होती. अप्पा सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर होते. आयुष्यभर लेथवर उभे राहिलेले, मोजके बोलणारे, हाताच्या रेषांत तेलाचा काळा रंग कायमचा मुरलेले. निवृत्तीनंतर त्यांना कामगारांच्या पेन्शन योजनेतून पैसे मिळत. त्या योजनेत २०१४ पासून किमान पेन्शन महिन्याला १,००० रुपये ठरलेली आहे आणि अप्पांची त्याहून थोडीशीच जास्त होती. पंचवटीतल्या दोन खोल्या स्वतःच्या होत्या, म्हणून तेवढ्यात आणि आईच्या शिवणकामात त्यांचे भागत होते. मधुमेह जुनाच होता. पाय सुजायला लागले, तोंडाची चव गेली, मग एका रात्री धाप लागली आणि दुसऱ्या दिवशी डायलिसिस हा शब्द आमच्या घरात आला तो जायला तयार होईना. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास. डाव्या मनगटाजवळ रोहिणी आणि नीला या दोन रक्तवाहिन्या एकमेकींना जोडून फिस्टुला केला, आणि तो वापरण्याजोगा होईपर्यंत मानेतल्या नळीवर काम चालले. फिस्टुलावर बोट ठेवले की आत सतत थरथर जाणवते. ती थांबली तर फिस्टुला बंद पडला असे समजून धावत यायचे, असे डॉक्टरांनी सांगून ठेवले होते. लेकीने ते काम आपणहून अंगावर घेतले. आजोबांच्या घरात शिरल्या शिरल्या ती त्यांच्या मनगटावर कान ठेवी, डोळे मिटून ऐके आणि "चालू आहे!" असे घरभर ओरडून सांगे. अप्पा त्या वेळी जेवढे हसत तेवढे मी त्यांना आधी कधी हसताना पाहिले नव्हते.

डायलिसिसच्या रुग्णाला पाणी मोजून द्यावे लागते. अप्पांना दिवसाला जेमतेम लिटरभर, आणि त्यातच चहा, आमटी, गोळ्यांबरोबरचा घोट हे सारे धरायचे. नारळपाणी बंद, केळे बंद, टोमॅटो बंद. नाशिकचा एप्रिल आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. दुपारी पत्रे तापत, आणि अप्पा खाटेवर बसून माठाकडे बघत राहत. त्यांनी कधी पाणी मागितले नाही. आई बर्फाचा एक खडा वाटीत घालून देई, तो ते गालात धरून ठेवत. लेक हेही बघत होती. न मागणाऱ्या माणसाचे घरात किती कौतुक होते, नातेवाईक त्याच्या सोशिकपणाचे कसे गोडवे गातात, हे तिच्या कानावर पडत होते.

मागायचे काम माझ्याकडे होते. एका वेळच्या डायलिसिसचे दीड हजाराच्या आसपास लागत. रक्त वाढायची इंजेक्शने, तपासण्या, रिक्षा आणि मधूनच करावे लागणारे दाखल होणे धरले तर महिन्याचा आकडा तीस हजारांच्या घरात जाई. अंबडच्या ज्या कंपनीत मी डिस्पॅचला आहे तिथला माझा पगार तेव्हा चोवीस हजार होता. सरकारी योजनेत डायलिसिसचा समावेश होता, रुग्णालयात त्या योजनेचे काम बघणाऱ्या आरोग्यमित्राचे टेबलही होते. त्याने अप्पांचे रेशनकार्ड हातात घेतले, त्याचा पांढरा रंग पाहिला आणि अगदी ओशाळून परत दिले. एके काळी दोघांच्या कमाईचा आकडा लाखाच्या वर लागला म्हणून मिळालेले ते पांढरे कार्ड. त्यानंतर कमाई गेली, कार्डाचा रंग तसाच राहिला. महात्मा फुले जन आरोग्य योजना सगळ्या कार्डधारकांना लागू करायचा आणि संरक्षण पाच लाखांपर्यंत वाढवायचा निर्णय सरकारने २०२३ मध्ये घेतला. त्या दिवशीचे वर्तमानपत्र मी डब्याखाली घातले नाही, जपून ठेवले. आमच्यासाठी उशीर झाला याचे दुःख होतेच, पण आता तरी कुणा टर्नरच्या मुलीला कार्डाच्या रंगामुळे टेबलावरून परत फिरावे लागणार नाही याचा आनंद त्याहून मोठा होता. ज्यांच्या घरी हे दुखणे आज आले आहे त्यांनी कर्जाच्या अर्जाआधी त्या टेबलाशी जावे, असे मी भेटेल त्याला सांगते.

कर्ज एकदम होत नाही. आधी पीएफमधून उचल घेतली. मग रविवार कारंजाजवळच्या एका बँकेत माझ्या पाटल्या तारण ठेवल्या. मग पतसंस्थेचे कर्ज, ज्याला दोन जामीनदार लागले. एक आमच्या कंपनीतला सहकारी आणि एक आईच्या शेजारच्या काकू. सही करताना काकूंनी कागद वाचलासुद्धा नाही. माझा हप्ता थकला तर सहकारी संस्थांच्या कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघून त्यांच्या दारात माणूस येऊ शकतो, हे त्यांना मी समजावून सांगत होते आणि त्या "अगं, करते सही, पेन दे इकडे," म्हणत होत्या. सगळ्यांत शेवटी क्रेडिट कार्ड. त्यावर मागावे लागत नाही, कोणाचे तोंड बघावे लागत नाही, म्हणून ते सोपे वाटते. एक लाखाची बाकी असेल तर बँक महिन्याला किमान पाच हजार भरा म्हणते. महिन्याला साडेतीन टक्क्यांनी त्यातले ३,५०० व्याजात जातात, व्याजावर अठरा टक्के जीएसटीचे ६३०, आणि मुद्दलातून वजा होतात ८७० रुपये. ही आकडेमोड मला आमच्या अकाउंट्समधल्या काकांनी डबा खाताना कागदी रुमालावर करून दाखवली. ज्या महिन्यांत मी पाच हजार भरून निश्चिंत झोपत होते त्या महिन्यांचा हिशेब तो होता.

या सगळ्यात माझा संसार मोडला, असे लोक एका वाक्यात सांगतात. तसे ते सांगता येत नाही. पाथर्डी फाट्याजवळचा आमचा फ्लॅट दोघांच्या नावावर होता, गृहकर्जही दोघांच्या नावावर, आणि सतरा हजारांचा हप्ता नवऱ्याच्या पगारातून जात होता, कारण माझा पगार पंचवटीत जात होता. तो वाईट माणूस नव्हता. अप्पांच्या मानेत नळी घालायची होती त्या रात्री तो माझ्या आधी रुग्णालयात पोहोचला होता. पण महिन्यांमागून महिने गेले, घरात किराणा मोजून येऊ लागला, त्याच्या आईच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन पुढे ढकलले गेले. मुलीने माहेरी एवढे करायचे असते का, हा प्रश्न प्रथम त्याच्या नातेवाइकांच्या, मग त्याच्या तोंडून येऊ लागला. लग्न झालेल्या मुलीवरही आईवडिलांच्या पोषणाची जबाबदारी असते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली सांगून ठेवले आहे, आणि तो खटलाही महाराष्ट्रातलाच होता. हे मला नंतर वकीलबाईंकडून कळले. त्या वेळी माहीत असते तरी जेवणाच्या टेबलावर निकालपत्राचा काय उपयोग झाला असता? तो एकदा म्हणाला होता, "तू मला सांगतेस. विचारत नाहीस." आणि मी म्हणाले होते, "वडिलांना जगवायचं की नाही, हे विचारायचं असतं का?"

दोघांचेही म्हणणे मला आज तितकेच खरे वाटते, आणि तरीही ती दोन वाक्ये एका घरात राहू शकली नाहीत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला मोठा पूर आला. सराफ बाजारात पाणी शिरले, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आले आहे हे लोक एकमेकांना फोनवर विचारत होते. अप्पांचा डायलिसिसचा दिवस होता आणि नदीच्या पलीकडे जायचे होते. महामार्गावरच्या पुलाकडून वळसा घेऊन आम्ही पोहोचलो, रिक्षावाल्याने जास्तीचे पैसे घेतले नाहीत. त्या वर्षीची दिवाळी अप्पांनी पाहिली नाही. लेकीने शेवटच्या दिवशीही मनगटावर कान ठेवला आणि काही न बोलता बाजूला झाली. त्याबद्दल आम्ही दोघी आजवर बोललेलो नाही.

घटस्फोट परस्पर संमतीने झाला. हिंदू विवाह कायद्यात १९७६ पासून तशी तरतूद आहे. वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागते, पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते, आणि ते सहा महिने माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. आम्ही माफी मागितली नाही. भांडायला दोघांतही बळ उरले नव्हते, म्हणून समुपदेशकाच्या खोलीत आम्ही एकमेकांशी फार सभ्यपणे बोलत होतो, आणि ती सभ्यता मला आधीच्या आरडाओरड्यापेक्षा जास्त लागत होती. मुलगी माझ्याकडे, शाळेची फी त्याच्याकडे, रविवार त्याचा, असे ठरले. माझ्या स्त्रीधनाची यादी करायची होती, तेव्हा 'पाटल्या, दोन' यापुढे वकीलबाईंनी 'बँकेत तारण' असे लिहिले. ते दोन शब्द टाइप होताना मी समोर बसून पाहिले. न्यायालयाने आम्हाला वेगळे केले, बँकेने मात्र केले नाही. गृहकर्जाच्या कागदावर जोवर दोन सह्या आहेत तोवर बँकेच्या लेखी दोघेही कर्जदार; हुकूमनाम्यात घर कोणी ठेवायचे आणि हप्ता कोणी भरायचा असे काहीही लिहिलेले असो, हप्ता चुकला तर नोंद दोघांच्या नावावर पडते. सहकर्जदार म्हणून सही करताना हे कोणी नवऱ्याला किंवा बायकोला शांतपणे बसवून सांगत नाही, आणि सांगायला हवे असे मला फार तीव्रतेने वाटते. फ्लॅट विकला, बँकेचे देणे त्यातून भागवले, उरले ते दोघांनी वाटून घेतले. माझ्या वाट्याला आलेली रक्कम क्रेडिट कार्डाच्या बाकीला पुरली नाही.

मी, आई आणि लेक सिडकोत भाड्याच्या दोन खोल्यांत आलो. पंचवटीतल्या खोल्या भाड्याने दिल्या, ते भाडे पतसंस्थेच्या हप्त्याला लावले. करोनाच्या काळात रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० असे सहा महिने हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली होती. हप्ते थांबले, व्याज थांबले नाही, आणि पुढच्या वर्षी त्याचे ओझे कळले. वसुलीचे फोन सकाळी सातलाही येत, रात्री नऊलाही. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर असे फोन करू नयेत, हे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये ठणकावून सांगितले. फोनवरच्या एका मुलाने कार्डाची बाकी चाळीस टक्क्यांत मिटवून टाकायची तयारी दाखवली होती. मोह फार झाला. अकाउंट्समधल्या काकांनी सांगितले की तसे केले तर सिबिलच्या नोंदीत खात्यापुढे 'बंद' असे न येता 'सेटल्ड' असे येते, आणि पुढे कुठल्याही बँकेत गेले की तोच शेरा आधी वाचला जातो. म्हणून पूर्ण फेडायचे ठरले. ज्याचे व्याज सर्वांत जास्त ते आधी, म्हणजे कार्ड; मग पतसंस्था; आणि सोनेतारणाचे फक्त व्याज भरून दर वर्षी नूतनीकरण. संध्याकाळी मी दोन दुकानदारांच्या बिलांच्या नोंदी करून देऊ लागले. आईने उन्हाळ्यात कुरडया-पापड आणि दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेतल्या. भाजणी दळून आली की खोलीभर धणे-जिऱ्याचा वास पसरे, लेक सोऱ्याच्या चकत्या पुसून देई, आणि आम्ही तिघी रात्री उशिरापर्यंत जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून चकल्या पाडत असू. त्या काळातले मला आवडलेले काही सांगायचे तर ते हेच. आम्ही थकत होतो, आणि आम्ही आनंदातही होतो.

कार्ड संपल्यावर पाटल्या सोडवायला गेले तो दिवस मी विसरणार नाही. बँकेतल्या माणसाने कागदी पाकीट आणले, त्यावरची लाखेची मोहर आणि माझी जुनी सही मला दाखवली, मग कात्रीने कड कापली. नेमलेल्या सराफाने पाटल्या हातात घेतल्या, काट्यावर ठेवल्या, २०१७ च्या पावतीवरचे वजन मोठ्याने वाचले आणि काट्यावरचे वजन मोठ्याने वाचले. दोन्ही एकच होते. ठेवताना त्याच टेबलावर त्याने एक पाटली कसोटीच्या काळ्या दगडावर घासून बघितली होती, आणि दगडावर उमटलेली ती पिवळी रेघ मला अंगावर ओरखडा काढल्यासारखी लागली होती. आता पाटलीच्या आतल्या बाजूला घासल्याची बारीकशी खूण होती. मी त्या हातात चढवल्या. माझे मनगट वाळले होते, पाटल्या सैल झाल्या होत्या, कोपराकडे सरकत होत्या. "एवढी वर्षं व्याज भरलंत ताई, विकून टाकल्या असत्या तर?" असे त्याने सहज विचारले. तोळ्याला एकोणतीस हजारांच्या आसपास भाव असताना ठेवलेल्या त्या पाटल्या होत्या. व्याज धरूनही न विकणेच शहाणपणाचे ठरले होते. पण मी न विकण्याचे कारण भाव नव्हता. त्या अप्पांनी ओव्हरटाइम करकरून केल्या होत्या.

पैशाचे असे सगळे जागेवर आले. मुलीचे काय, हा प्रश्न चष्म्याच्या दुकानातून माझ्याबरोबर घरी आला. मग मी बघू लागले. शाळेच्या सहलीचे पत्रक तिने दप्तरातून बाहेरच काढले नव्हते. वाढदिवसाला काय हवे या प्रश्नावर ती "काही नको, आहे सगळं" म्हणे, आणि आम्ही ते खरे मानत होतो. बुटाच्या पुढच्या टोकाला अंगठा लागत होता हे तिने चालीतही दिसू दिले नव्हते. आईला हे बोलून दाखवले तर ती म्हणाली, "बरंच आहे की. उधळी निघाली असती म्हणजे?" आई चुकीचे बोलत नव्हती. शेजारच्या मुलांचे हट्ट बघितले की मलाही लेकीचा अभिमान वाटतो, आणि तो अभिमान वाटतो याचेच मला वाईट वाटते. मुलांच्या न मागण्याला आपण फार लवकर शाबासकी देतो. अप्पांच्या न मागण्याचेही आम्ही कौतुकच केले. त्या उन्हाळ्यात त्यांनी एकदा जरी चिडून पाणी मागितले असते, तरी मला आज ते आठवून बरे वाटले असते.

एप्रिलमध्ये सोन्याचा भाव तोळ्याला लाखाच्या पुढे गेल्याची बातमी आली आणि आईने हौसेने पाटल्या बाहेर काढल्या. त्या निमित्ताने कपाटातली फाइल बाहेर आली. लेक शेजारी येऊन बसली. एरवी तिला मी हे कागद दाखवले नव्हते. त्या रविवारी तिने पहिला कागद उचलला तेव्हा मी अडवले नाही. तिने डायलिसिसच्या पावत्या तारखेने लावल्या, बेरीज करायला घेतली, मध्येच थांबून "सहकर्जदार म्हणजे काय?" असे विचारले. मी सांगितले. "जामीनदार काकूंना आपण काय दिलं?" मी म्हणाले, दर दिवाळीला फराळ, आणि त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला आजी महिनाभर त्यांच्याकडे राहिली होती. मग तिने बराच वेळ मनात ठेवलेला प्रश्न विचारला. "बाबांनी काहीच दिलं नाही का?"

मी फाइलमध्ये मागे गेले. अप्पांच्या मानेत नळी घातली त्या रात्रीची अनामत रकमेची पावती तिथे होती, पैसे भरणाऱ्याच्या जागी त्याची सही. ते पैसे त्याने मोटरसायकल विकायला काढून उभे केले होते आणि नंतर कित्येक दिवस तो बसने कामावर जात होता. हे तिला ठाऊक नव्हते. तिने सही ओळखली, बोटाने तिच्यावरून रेघ फिरवली आणि म्हणाली, "मग तुम्ही भांडत का होतात?" तेरा वर्षांच्या मुलीला द्यायला योग्य असे उत्तर माझ्याजवळ तयार नव्हते. एका पगारात दोन घरे चालत नव्हती, आणि घाबरलो आहोत हे दोघांपैकी कोणीच आधी म्हणाले नाही, असे मी सांगितले. ती म्हणाली, "मी घाबरले होते." आई पाटल्या रुमालात गुंडाळत होती, ती गुंडाळतच राहिली.

त्यानंतर त्या मुलीने मला बरेच काही विचारले, आणि पुढच्या काही दिवसांत थोडे मागितलेही. आधी बूट. मग, त्र्यंबक रोडवरच्या सावरकर जलतरण तलावात सुट्टीत पोहायला शिकायचे आहे, मैत्रिणी जात आहेत, फी आपण विचारून आलो आहोत, असे. माझ्या तोंडून सवयीने "बघू" निघाले. तिचा चेहरा लगेच मिटला, "नाही म्हणालीस तरी चालेल," असे ती घाईने म्हणाली. म्हणून मी चालू महिन्याचा हिशेब तिच्यापुढे ठेवला: पगार किती, भाडे किती, आजीचा आरोग्य विमा किती, शिल्लक किती. फी शिल्लकेत बसत होती. नंबरचा पोहायचा चष्मा मात्र त्याच महिन्यात घेतला असता तर गॅसच्या सिलिंडरला ओढाताण झाली असती. तो पुढच्या महिन्यात घ्यायचा, तोवर मैत्रिणीचा साधा वापरायचा, असे तिने सुचवले आणि मी मान्य केले. भिंतीवरचे घड्याळ दिसणार नाही, वेळ संपली हे कसे कळणार, हा मुद्दा आजीने काढला. सर्दीचा मुद्दाही तिचाच. बाबा त्या रस्त्यालाच राहतो, पण सोडायला येशील का असे त्याला विचारायचे कोणी, यावर आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. शेवटी फोन तिनेच लावला. सकाळी सहाच्या बॅचला तिला स्टॉपवरून घेऊन तलावावर सोडायचे काम त्याने घेतले आहे, आणायला मी जाते, आणि फी आम्ही निम्मी-निम्मी भरली.